घरामागची टाकी आणि गावाचे पाणी

वाशीच्या आमच्या जुन्या घराच्या परसात एक आड आहे. आता त्यावर लोखंडी जाळी आणि विजेची मोटर आली असली, तरी आजीच्या काळात तो रहाटाने शेंदला जाई. पाणी भरण्याची तिची रीत ठरलेली होती. घागरीच्या तोंडावर दुहेरी वस्त्र घालून पाणी गाळायचे, मग गाळलेल्याच पाण्याने ते वस्त्र धुऊन ती जिवाणी पुन्हा त्याच आडात हलक्या हाताने सोडायची. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात त्याला परत पोचवायचे, एवढा तिचा नियम. उन्हाळ्यात आडाचा तळ दिसू लागे, दोन घागरींसाठी अर्धा अर्धा तास थांबावे लागे. तरी जिवाणीचा क्रम कधी चुकला नाही.

त्याच परसात, आडापासून वीस-बावीस पावलांवर, सेप्टिक टाकी होती. काकांनी घरात शौचालय बांधले तेव्हाची. वर शहाबादी फरशी, फरशीवर दुकानातली रिकामी पोती आणि जुनी खोकी. टाकी आहे हे घरातली निम्मी माणसे विसरून गेली होती. चुलत बहिणीच्या लग्नाला घर पाहुण्यांनी भरले आणि तिसऱ्या दिवशी शौचालय तुंबले, तेव्हा तिची आठवण झाली. टाकी शेवटची कधी उपसली होती, हे कोणालाच सांगता येईना. काकांच्या खतावणीत दुकानाच्या पितळी वजनांच्या खरेदीची जुनी नोंदसुद्धा सापडली असती; टाकीची नोंद मात्र कोठेच नव्हती.

गावातून एक गृहस्थ बादली आणि दोर घेऊन आले. फरशी सरकवताच सगळ्या परसात दर्प पसरला. ते सदरा काढून आत उतरण्याच्या तयारीत असताना आजी माजघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, तू आत उतरू नकोस. पाहुणे शेजारी जातील, दोन दिवस अडचण सोसतील. तुझ्या घरीबी कुणी वाट पाहत असंल." त्यांची दिवसाची मजुरी देऊन तिने त्यांना परत पाठवले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शहरातून मैला उपसणारी गाडी आली, जाड नळी टाकीत सोडली आणि अर्ध्या तासात काम उरकून गेली. सर्वांना हायसे वाटले. संध्याकाळी काका गावाबाहेरून परत येताना त्यांना तीच गाडी ओढ्याच्या काठी उभी दिसली. नळीचे तोंड ओढ्यात होते. त्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर ओळखीच्या शेतकऱ्यांच्या विहिरी आहेत.

काकांनी हे जेवताना सांगितले. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या आडाला नाही लागलं, म्हणजे कुणाच्याच आडाला नाही लागलं, असं होतं का रे?"

या लेखाचा विषय आजीचा तो प्रश्न आहे.

शौचालय झाले, पुढे काय?

गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने स्वच्छतेच्या बाबतीत मोठा पल्ला गाठला, हे मान्य केलेच पाहिजे. २००० साली राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानाचा आरंभ झाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्याचा नागरी भाग हागणदारीमुक्त म्हणून घोषित करण्यात आला. पहाटेच्या अंधाराची वाट पाहणाऱ्या लाखो मायभगिनींची त्या कुचंबणेतून सुटका झाली. हे यश लहान नाही.

परंतु शौचालय ही व्यवस्थेची पहिली पायरी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त अहवालानुसार २०२२ साली जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना 'सुरक्षितपणे व्यवस्थापित' स्वच्छतेची सोय उपलब्ध नव्हती. यातील पुष्कळांच्या घरी शौचालय आहे. मैला बसण्याच्या भांड्यापासून अखेरच्या प्रक्रियेपर्यंत कोणालाही अपाय न करता पोचतो की नाही, हा सुरक्षिततेचा निकष आहे. आपल्याकडची बहुतेक लहान शहरे या दुसऱ्या टप्प्यावर अडली आहेत.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भुयारी गटारे आहेत. तालुक्याच्या गावात प्रत्येक घर आपला मैला आपल्याच जागेत साठवते. त्याचे दोन शास्त्रीय प्रकार आहेत. पहिला दोन शोषखड्ड्यांचा. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातील मैल्याचे कोरडे, गंधहीन खत होते. दुसरा प्रकार सेप्टिक टाकीचा. तिच्यात जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढच्या शोषखड्ड्यात जाते. या टाकीत मैला नाहीसा होत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यातील काही भाग जिवाणूंमुळे विघटित होतो. उरलेला गाळ माणशी वर्षाला साधारण ३० ते ४० लिटर या प्रमाणात साचत राहतो. पाच माणसांच्या कुटुंबाचा तीन वर्षांत सुमारे ५०० लिटर गाळ होतो. टाकी गाळाने भरत आली की पाण्याला मुरण्या-निवळण्यास वेळच मिळत नाही आणि कच्चा मैला तसाच पुढे वाहू लागतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, असे शास्त्र सांगते.

व्यवहारात काय होते? "एकदाच मोठी बांधा, जन्मभर उपसायला नको," असा सल्ला देणारे गवंडी आणि तो आनंदाने मानणारे घरमालक गावोगाव आहेत. काही टाक्यांना तळच नसतो. काहींना शोषखड्डा नसतो. त्यांची नळी थेट रस्त्याकडेच्या उघड्या नालीत सोडलेली असते. घरमालकाच्या दृष्टीने सगळे सुरळीत असते, कारण त्याला काही दिसत नाही. ते नालीच्या पुढच्या टोकाला राहणाऱ्याला दिसते.

काळ्या दगडाखालचे पाणी

आपल्या भागात या गोष्टीचे गांभीर्य अधिक आहे आणि त्याचे कारण भूगर्भात आहे. मराठवाडा हा दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा प्रदेश. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. या पाषाणात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र झिरपत नाही. ते भेगा, सांधे आणि झिजलेल्या थरांतून वाहते. वाळूच्या जाड थरातून जाताना दूषित पाणी बरेच गाळले जाते. भेगेतून जाताना ते फारसे गाळले जात नाही. त्यामुळे टाकीची गळती कोणाच्या विहिरीत उतरेल, हे वरून पाहून सांगता येत नाही. आपला आड स्वच्छ राहील आणि तिसऱ्या घराची कूपनलिका बाधेल, असेही घडू शकते.

वरून वाहणाऱ्या पाण्याचीही हीच गोष्ट. बालाघाटच्या कुशीतील वाशी तालुक्याचे ओढे-नाले मांजरा आणि तेरणा या नद्यांच्या खोऱ्यांत उतरतात. तेरणेचा उगम याच तालुक्यातील तेरखेड्याजवळ होतो. तिच्याच काठी तेर वसले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याचा माल भडोचच्या बंदरापर्यंत जात असे, ते 'तगर' नावाचे व्यापारी नगर हेच. तेरणा पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. मांजरेवरच धनेगावचे धरण आहे. हे धरण कोरडे पडले म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. जेथे पाण्याची आगगाडी येते, तेथे हाताशी असलेले पाणी घाण करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय पाणी जितके कमी, तितकी त्यातील घाणीची मात्रा जास्त. दुष्काळात विहिरींचे तळ गाठले जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांच्या साथी डोके वर काढतात.

लंडनमधील एक हौद

१८५४ सालच्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. रोग दूषित हवेने पसरतो, असे त्या काळचे बहुतेक वैद्य मानत. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर टिपली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दाट झालेली दिसली. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथीत ६१६ लोक दगावले होते.

पंपाचे पाणी बाधले कसे, याचा शोध तेथील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनी लावला. पंपाला लागून असलेल्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्ही मुलगी जुलाबाने आजारी होती. तिची दुपटी धुतलेले पाणी आई घराच्या तळघरातील मैल्याच्या हौदात ओतत असे. त्या हौदाचे वीटकाम ढासळलेले होते आणि विहीर तेथून जेमतेम तीन फुटांवर होती. त्या माउलीच्या मनात कोणाचे वाईट नव्हते. ती आपल्या लेकराची सेवा करीत होती. दोष होता तो वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेल्या एका हौदाचा.

पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी ही गोष्ट जुनी झालेली नाही. एका घराची टाकी ही त्या घरापुरती खाजगी बाब नसते, हे तिच्यातून पहिल्यांदा शास्त्राने सिद्ध झाले.

टाकीत उतरणारा माणूस

दूषित पाण्याचा अपाय हळूहळू होतो. टाकीत उतरणाऱ्याचा जीव मात्र काही क्षणांत जाऊ शकतो. बंद टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साचतात, प्राणवायू घटतो. हायड्रोजन सल्फाइडचा दर्प सडक्या अंड्यासारखा असतो. पण त्याची मात्रा वाढली की नाकाची घ्राणशक्तीच बधिर होते. दर्प गेला म्हणजे धोका टळला, असे आत उतरणाऱ्याला वाटते आणि तो तेथेच कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. म्हणून अशा बातम्यांत बहुधा एकाहून अधिक मृत्यू असतात.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईतील गोवंडी येथे एका गृहनिर्माण संस्थेच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार असेच मरण पावले. त्यांच्या विधवांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपयांपर्यंत वाढवली.

कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. २०१३ च्या अधिनियमानुसार कोणत्याही व्यक्तीने, संस्थेने अथवा ठेकेदाराने, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, कोणाकडूनही गटाराची वा सेप्टिक टाकीची धोकादायक साफसफाई करून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'ठेकेदाराला सांगितले होते, त्याने माणूस उतरवला' हा बचाव 'अप्रत्यक्षपणे' या शब्दापुढे टिकणे अवघड आहे. आपली दुकाने, गोदामे, मंगल कार्यालये, धर्मशाळा, वसतिगृहे या सर्वांच्या मागे टाक्या आहेत. त्या उपसण्याचे काम आपण कोणाला आणि कसे देतो, याची जबाबदारी आपली आहे.

पाचवी समिती

मुनींच्या पाच समित्या आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असतात. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्या क्रमाने आल्या आहेत: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेप आणि उत्सर्ग. पहिल्या चारांवर प्रवचने होतात. पाचवीवर क्वचितच होतात, कारण तिचा विषय मलमूत्राचा त्याग हा आहे. पण त्या समितीने काय सांगितले आहे, ते पाहावे. जागा निर्जीव असावी, लोकवस्तीपासून दूर असावी, तेथे बिळे नसावीत, आणि तिच्याबद्दल कोणाचा विरोध नसावा. चालणे, बोलणे आणि भोजन यांच्या पंक्तीत शास्त्रकारांनी या क्रियेला बसवले, ते ती तुच्छ मानून नव्हे.

हा मुनींचा आचार. गृहस्थाला तो जसाच्या तसा लागू नाही. परंतु त्यामागची दृष्टी गृहस्थालाही लागू आहे. आपल्या देहातून बाहेर पडलेली वस्तू कोठे जाते आणि तेथे कोणाला बाधते, याकडे लक्ष असणे म्हणजे सावधपणा. लक्ष नसणे म्हणजे प्रमाद. ज्या टाकीवर आपण वर्षानुवर्षे फरशी टाकून ठेवतो, तिच्यात प्रमादच साठत असतो. आजीने त्या गृहस्थांना टाकीत उतरू दिले नाही, तेव्हा तिला २०१३ चा कायदा ठाऊक नव्हता.

सोनखत ते सिन्नर

आपल्या भाषेत मैल्यापासून झालेल्या खताला 'सोनखत' असा शब्द आहे. जुन्या काळी नगरपालिका मैला गावाबाहेर कुजवून त्याचे खत शेतकऱ्यांना विकत असत. जपानमधील एदो, म्हणजे आजचे टोकिओ, येथे तर आसपासचे शेतकरी घरमालकांना पैसे देऊन मैला नेत असत. खताचे मोल आपल्या पूर्वजांना कळत होते. मात्र ते सोने डोक्यावरून वाहून नेणारा माणूस अस्पृश्य ठरवला गेला, ही त्या व्यवस्थेची लाजिरवाणी बाजू आहे.

तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव आदराने घ्यावे लागते. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचे काम आपल्याला मिळावे, म्हणून उपोषणाला बसले होते. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी माणसाचा हात न लागता मैल्याचे खत होईल, असा संडास विकसित केला. तो 'गोपुरी संडास' नावाने ओळखला गेला. माणसाची प्रतिष्ठा आणि मातीची सुपीकता एकाच वेळी राखता येते, हे त्यांनी करून दाखवले.

आज त्याच विचाराची शहरी आवृत्ती आपल्या राज्यातील दोन गावांत पाहायला मिळते: सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर. २०११ च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या सुमारे ३६ हजार, तर सिन्नरची ६५ हजार होती. दोन्ही गावांत घरोघरी सेप्टिक टाक्या. तेथेही टाकी तुंबली की गाडी बोलवायची अशीच पद्धत होती, आणि उपसा सरासरी आठ-दहा वर्षांनी होई. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या सहकार्याने या नगरपरिषदांनी वेगळा मार्ग घेतला. भुयारी गटारांसाठी सगळे रस्ते खोदण्याचा अवाढव्य खर्च करण्याऐवजी आहेत त्याच टाक्या नियमितपणे उपसायच्या, असे ठरले. गावाचे भाग पाडले गेले. प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसली जाईल, असे वेळापत्रक झाले. घरमालकाने एकरकमी पैसे मोजायचे नाहीत. त्याऐवजी मालमत्ता कराबरोबर थोडा स्वच्छता कर द्यायचा. काम खाजगी ठेकेदाराकडे, आणि त्याचा मोबदला उपसलेल्या टाक्यांच्या मोजणीवर. त्याचे पैसे अडकू नयेत, म्हणून एस्क्रो खात्याची तजवीज. वाईत २०१८ पासून हा क्रम सुरू झाला.

व्यापारी माणसाला या योजनेतील शहाणपण चटकन कळेल. अडचण आल्यावर घाईने मोजावी लागणारी मोठी रक्कम आणि वर्षाकाठी ठरलेली लहान रक्कम यांत दुसरी केव्हाही सोयीची. ठेकेदारालाही खात्रीचे काम मिळते, म्हणून तो चांगल्या यंत्रांत आणि प्रशिक्षित माणसांत पैसा घालू शकतो. फिलिपाइन्समधील दुमागेते या शहराने तर टाकी उपसण्याचा आकार पाण्याच्या बिलातच मिळवला. जेवढे पाणी वापराल, त्या प्रमाणात थोडी रक्कम.

उपसलेला गाळ पुढे मैलागाळ प्रक्रिया केंद्रात जातो. सर्वांत साधी पद्धत वाळवण वाफ्यांची. वाळू आणि खडीच्या थरांवर गाळ पसरतात. पाणी खाली झिरपते, ते गोळा करून त्यावर वेगळी प्रक्रिया होते. वर राहिलेला थर उन्हात वाळतो. आतल्या कृमींची अंडी मरावीत म्हणून तो पुरेसा काळ साठवतात किंवा ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून त्याचे खत करतात. मराठवाड्याच्या उन्हात या पद्धतीला इंधन जवळजवळ लागतच नाही. देशाचे मैलागाळ धोरण २०१७ मध्ये आले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांच्या सांडपाण्याचाही समावेश झाला. राज्यात अनेक लहान शहरांत अशी केंद्रे उभी राहिली. परंतु केंद्र बांधून काम संपत नाही. टाक्या वेळेवर उपसल्या गेल्या नाहीत, किंवा गाडी केंद्राऐवजी ओढ्याकडे वळली, तर केंद्र रिकामेच राहते. मैल्याने भरलेला एक टँकर उघड्यावर ओतणे म्हणजे हजारो माणसांनी एकाच दिवशी त्या जागी उघड्यावर बसण्यासारखे आहे, असा हिशेब तज्ज्ञ मांडतात. हागणदारीमुक्तीचे सारे श्रम त्या एका नळीतून वाहून जातात.

मोरीचे पाणी

मैल्याइतके घातक नसले, तरी न्हाणीघर आणि स्वयंपाकघरातील सांडपाणी प्रमाणाने कितीतरी अधिक असते. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने यावर सोपा उपाय केला. घरोघरी साधारण चार फूट लांबी-रुंदीचा शोषखड्डा, त्यात दगड-खडीचे थर आणि मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी. मोरीचे पाणी त्यात. उघड्या नाल्या कोरड्या पडल्या आणि त्यांच्याबरोबर डासही हटले. पुढे या खड्ड्याची ख्याती 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर झाली. शौचालयाचे पाणी मात्र या खड्ड्यात कधीही सोडू नये.

मोठ्या शहरांत सांडपाणी ही विक्रीयोग्य वस्तू ठरू लागली आहे. नागपूर महानगरपालिकेचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला पुरवले जाते. तितके चांगले पाणी त्यामुळे पिण्यासाठी आणि शेतीसाठी वाचते.

आपल्या हाती काय आहे?

सर्व काही नगरपंचायतीने करावे, अशी अपेक्षा ठेवणे सोपे आहे. काही गोष्टी तिलाच कराव्या लागतील. पण पुष्कळशा आपल्या घरापासून सुरू होतात.

पहिली गोष्ट, आपल्या घराची, दुकानाची आणि गोदामाची टाकी कोठे आहे, तिला तळ आहे का, तिची नळी कोठे जाते, हे पाहून घ्यावे. नालीत जात असेल, तर शोषखड्डा करावा. झाकणावर सामान किंवा पक्के बांधकाम नसावे.

दुसरी, दर तीन वर्षांनी टाकी यंत्रानेच उपसावी. माणसाला आत उतरू देऊ नये. "थोडेच राहिले आहे" म्हणूनसुद्धा नाही. गाडीवाल्याला गाळ कोठे नेणार, हे विचारावे आणि प्रक्रिया केंद्रावर गाडी रिकामी केल्याची पावती मागावी. गटार किंवा टाकी साफ करण्यासाठी माणूस उतरवला जात असल्याचे दिसले, तर १४४२० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर कळवता येते.

तिसरी, आड, विहीर वा कूपनलिकेचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासून घ्यावे. शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे. वस्त्राने गाळलेल्या पाण्यातून सूक्ष्म रोगजंतू जात नाहीत. पाणी उकळण्याचा आपला जुना नियम येथे शास्त्रीय कसोटीला उतरतो.

चौथी, ट्रस्टच्या आणि मंडळांच्या बैठकांत हा विषय घ्यावा. चातुर्मासात, पर्वकाळात आणि लग्नसराईत धर्मशाळा व मंगल कार्यालयांवर एकाएकी शेकडो माणसांचा भार पडतो. कार्यक्रमाच्या पत्रिका छापण्याआधी टाकी उपसली आहे ना, हे विश्वस्तांनी पाहावे.

पाचवी, नगरपंचायतीकडे मागणी करताना नेमकी करावी. 'गाव स्वच्छ करा' या मागणीला उत्तर मिळत नाही. 'गावातील टाक्यांची नोंदवही करा, तीन वर्षांचे वेळापत्रक लावा, गाळ कोणत्या केंद्रात जातो ते जाहीर करा' या मागणीला उत्तर द्यावे लागते. आणि त्यासाठी वाजवी कर लागला, तर तो देण्याची तयारी व्यापाऱ्यांनीच पहिल्यांदा दाखवावी.

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्या लग्नानंतरच्या दिवाळीत काकांनी वहीपूजन केले, गंधाक्षता वाहिल्या आणि नव्या वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद लिहिली: 'परसातील टाकी उपसली', पुढे तारीख. तेव्हापासून दर तिसऱ्या वर्षी त्या पानावर एक ओळ वाढते. वही बदलली की जुनी नोंद नव्या वहीत ओढली जाते, जशी थकबाकी ओढतात तशी. अलीकडे त्या ओळीपुढे आणखी एक रकाना आला आहे: 'गाळ कोठे नेला'. येत्या वहीपूजनाला आपल्याही वहीत ही ओळ असावी.